सोलापूरच्या ताटात सोलापूरचं किती?

सीनाकाठ

सोलापूर जिल्हा पिकवतो काय आणि सोलापूरकर खातो काय, यांची सांगड सुटत चालली आहे असं मला सारखं वाटतं. त्यावर इथल्या मंडळींशी बोलायचं आहे. इथं शेती करणारे आहेत, बाजारात बसणारे आहेत, पुण्या-मुंबईला गेलेलेही आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी पिकवण्याचं बघू. साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा, आणि त्यात तीसहून जास्त साखर कारखाने. सांगोला-पंढरपूरकडचं डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच केगावला आहे. कासेगाव, नान्नजची द्राक्षं. पंढरपूरचा बेदाणा. करमाळ्याकडं कंदरची केळी, ती तर थेट आखातात जातात. आणि कांदा. यातलं बहुतेक सगळं बाहेर पाठवण्यासाठीच पिकतं.

आता खाण्याचं. रेशनचा गहू पंजाब, हरियाणा नाहीतर मध्य प्रदेशचा. तांदूळ कर्नाटक, तेलंगणाचा. पिशवीतलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल आयात होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि लगेच आपल्या किराणा दुकानातला तेलाचा डबा भडकला, हे सगळ्यांनी अनुभवलंय. जिथं करडई पिकायची त्या जिल्ह्यात ही गत.

उरते ज्वारी. मला वाटतं, आपलं ताट आणि आपली जमीन यांना जोडणारं हे शेवटचं मोठं पीक आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी हस्ताच्या पावसावर पेरायची, आणि पुढं आभाळातून थेंब पडला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर ती येते. सप्टेंबर हा आपल्याकडं सगळ्यात जास्त पावसाचा महिना, आणि खोल काळी जमीन ते पाणी धरून ठेवते. या दोन गोष्टी जुळल्या म्हणून इथं ज्वारी झाली. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीनं काढलेलं आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी रब्बीत शेतकऱ्याच्या मनात तेच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं.

पण ज्वारीचं रान कमी होतंय, आणि शहरातल्या घरात भाकरी आठवड्यातून एकदा-दोनदावर आलीय. हे थांबवायचं तर शेतकऱ्याला उपदेश करून भागणार नाही, खाणाऱ्यानंही काहीतरी करावं लागेल असं माझं मत. तुम्ही सांगा.

---

पुण्यातला_सोलापुरी

छान विषय. वाचतोय. पुण्यात मालदांडी म्हणून जे पीठ मिळतं त्यात काय काय असतं देव जाणे, भाकरी वळतच नाही.

---

कोरडवाहू

सीनाकाठ दादा, मी माढा तालुक्यातला. घरची अकरा एकर, त्यातली चार बागायत. तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण आमच्या बाजूचा हिशोब ऐका.

ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ ला मालदांडीसाठी ३७४९ रुपये क्विंटल. आमच्या कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल म्हणजे बरी ज्वारी. झाले एकोणीस हजारांच्या आत. बाजारात चांगल्या मालाला हमीभावापेक्षा जास्त मिळतात, कडब्याचे वेगळे, ते मान्य. आता ऊस बघा. त्याच सालाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, ३५५ रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ३५५०, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. एकरी चाळीस टन धरा, दीड लाखाच्या जवळ जातं. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, खत वजा, आणि पीक वर्ष-दीड वर्ष रानात. तरीबी अंतर केवढं हाय ते तुम्हीच बघा.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट मजुरीची. रब्बी ज्वारी कापत न्हाईत, उपटतात. फेब्रुवारीत जमीन वाळून दगड झालेली असते. एकेक ताट, म्हणजे धांडा, दोन्ही हातांनी धरून, कंबरेत वाकून मुळासकट वढायचं. संध्याकाळपर्यंत तळहाताची सालं निघतात. मग पेंढ्या बांधा, कणसं मोडा, मळणी करा, कडबा रचा. मळणीला यंत्र आलं, उपटायला आमच्या भागात अजून माणूसच लागतो आणि माणूस मिळत न्हाई. हुरड्यात आल्यापासून पाखरं राखायची ती वेगळीच. उसाला पाखरू लागत न्हाई, चोर लागत न्हाई, भाव पडला तरी कारखाना नेतोच.

१९८० ला भीमेवर उजनी धरण झालं, तवापासून कालव्याखालच्या माणसानं ज्वारी धरून बसावं असं म्हणणं सोपं हाय. माझ्या सात एकर कोरडवाहूत मी दरसाल ज्वारीच करतो. पण पोरगं म्हणतं, बोअर लागलं तर तिथंबी ऊस करू.

---

पाणलोट

कोरडवाहू, हिशोब स्वच्छ मांडलात. मी कृषी शाखेत शिकतोय, म्हणून या हिशोबाला पाण्याचा रकाना जोडतो.

उसाला एका हंगामात १५०० ते २५०० मिलीमीटर पाणी लागतं. मध्यम २००० धरू. एका एकरावर दोन मीटर उंचीचं पाणी म्हणजे ८० लाख लिटरच्या आसपास. चाळीस टन उसातून दहा टक्क्यांनी चार टन साखर. म्हणजे एका किलो साखरेमागं दोन हजार लिटर. यातलं पावसाचं पाणी थोडं, बाकी धरण, विहीर, बोअर. साखरेचं पोतं दिल्लीला किंवा बंदरावर जातं तेव्हा हे पाणी जिल्ह्याबाहेर गेलेलं असतं. आणि आपल्या शहरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड.

पण उजनीतलं पाणी तरी आपल्या आभाळातलं आहे का? भीमा उगम पावते भीमाशंकरला. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड हे सगळं पाणी मावळ, मुळशी, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरावर पडलेलं. माढ्यात एक थेंब न पडता उजनी भरू शकते आणि माढ्यात चांगला पाऊस होऊनही रिकामी राहू शकते. वर पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही त्यात येतं. म्हणजे आपला ऊस सह्याद्रीच्या पावसावर आणि पुण्याच्या नाल्यांवर वाढतोय. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) ऐकायला मोठी वाटते, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी आहे, उपयुक्त ५३-५४.

ज्वारीचा हिशोब याच्या अगदी उलट. तिच्यासाठी पाणी कुठून आणावं लागत नाही. जिथं पडलं, तिथंच मुरलं, तिथंच पिकलं. म्हणून रुपयांच्या हिशोबात ज्वारी हरते आणि थेंबाच्या हिशोबात जिंकते, फक्त थेंबाचे पैसे कुणी मोजत नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ मध्ये सोलापुरात निघालं ते उगीच नव्हे.

---

मंगळवेढा_माहेर

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहिते.

मालाचं बाहेर जाणं आजचं नाही. दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मंगळवेढ्याचं धान्याचं कोठार कुणाचं होतं? बिदरच्या बादशहाचं. धान्य इथल्या रानात पिकायचं आणि मालकी दुसरीकडची. दुष्काळात पंतांनी ते कोठार लोकांना लुटवलं, आणि विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरला रक्कम भरून आला अशी कथा. म्हणजे पिकतं इथं आणि हक्क दुसऱ्याचा, ही आपल्या भागाची फार जुनी दुखरी जागा आहे. फरक एवढाच की तेव्हा जे बाहेर जायचं तेच घरातही खाल्लं जायचं. आज जे बाहेर जातं ते पोटभरीचं नाही. उसावर किंवा बेदाण्यावर कुणी दिवस काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट कोरडवाहू दादांनी सांगितली तीच, पण बाईच्या बाजूनं. ज्वारी उपटायला बायकाच जास्त असतात. माझ्या आईचे हात मी बघितलेत. रात्री खोबरेल लावून फडकं बांधायची, आणि सकाळी त्याच हातांनी भाकरी थापायची. कोरडवाहू माणसानं ज्वारी टिकवावी असं म्हणताना हे हात कुणाचे ते आधी बघावं, एवढंच माझं म्हणणं.

पूर्वी पेव असायचं. काळ्या रानात नाही, जरा पांढऱ्या, कोरड्या जागी खोल खड्डा, आत कडब्याचं-भुसाचं अस्तर, तोंड मातीनं लिंपलेलं. सालोसाल ज्वारी राहायची. आता पिकली की आडतीला, कारण घरात पैसा लागतो. मग उन्हाळ्यात तीच ज्वारी दुकानातून.

---

सीनाकाठ

माहेर ताई, दामाजीपंतांचा मुद्दा फार मोलाचा. बाहेर जाणं वाईट असं मी म्हणत नाहीच. सांगोल्यासारख्या कायम टँकरच्या तालुक्यात डाळिंबानं घरं उभी केली, पोरं शिकली. दुष्काळी रानात येणारं, ठिबकवर भागणारं फळ आहे ते. २०२० च्या २८ डिसेंबरला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालच्या शालिमारला सुटली, तेव्हा डाळिंब, द्राक्षं, केळी, सीताफळ, ढोबळी मिरची, शेवगा असं काय काय त्यात होतं. अभिमानाचीच गोष्ट आहे ती. पुढं त्याच सांगोल्यात मर रोगानं आणि खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यानं बागाच्या बागा वाळल्या. तेल्या रोग आधीपासून होताच. एकाच फळावर अख्खा तालुका उभा राहिला की असं होतं.

माझं म्हणणं एवढंच की विकायचं पीक आणि खायचं पीक, दोन्ही पायांवर जिल्हा उभा असावा.

---

बाजारयार्ड

मी सोलापूर मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर हिशोबनीस आहे. कांद्याचा उल्लेख एका शब्दात उरकलात, म्हणून थोडं.

आपल्याकडं जो कांदा येतो तो सगळा आपल्या जिल्ह्यातला नाही. धाराशिव, लातूर, नगर, तिकडून विजयपूर, कलबुर्गी, सगळीकडून गाड्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याचा भर असतो. त्या दिवसांत पहाटे यार्डात पाय ठेवायला जागा नसते, गोण्यांच्या थप्प्यांतून हमालाला वाट काढावी लागते. वक्कल, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाचा ढीग, लागलं की दलाल गोणी फोडून हातावर चार कांदे घेतो, दाबून बघतो, मानेशी ओल आहे का बघतो, आणि भाव पुकारतो. एका गाडीचा निकाल काही मिनिटांत. इथून माल हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नईकडं जातो. दक्षिणेच्या सांबारात आमच्या यार्डातला कांदा असतो.

लाल कांदा टिकत नाही. नाशिकचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने बसतो, आमचा लाल आठ-पंधरा दिवसांत घाण होतो. म्हणून शेतकरी भाव बघून थांबू शकत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापुरात आणला, सगळे खर्च जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला. देशभर बातमी झाली होती. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती उठली २०२४ च्या ४ मेला. म्हणजे आमच्या लाल कांद्याचा अख्खा हंगाम बंदीतच गेला. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून बंदी, आणि ती बसते नेमकी ज्याच्याकडं थांबायची सोय नाही त्याच्यावर.

---

पूर्वभाग

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलतो. आमच्याकडं दोन्ही वेळा भात. वरच्या प्रतिसादांत तांदूळ परका असल्यासारखं आलंय, म्हणून थोडी आमची बाजू सांगते.

आजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला आले. १८७७ ला सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, तेव्हापासून अशी हजारो विणकर घरं तेलंगणातून इथं आली. पण आजोबा सांगायचे, गावी असताना ते भात रोज खात नव्हते. सणासुदीला. रोजची जोन्न रोट्टे, म्हणजे ज्वारीचीच भाकरी, आणि अंबली. तेलंगणाचा कोरडा भागही ज्वारीचाच होता. पुढं तिकडं पाणी आलं, १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांनी दोन रुपये किलोनं तांदूळ दिला, आणि तिकडचं ताट बदललं. आमचे नातेवाईक तिकडून येताना तांदळाची पोती आणू लागले. इथं रेशनलाही तांदूळ.

म्हणजे सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू कुठल्याही घरात दोन-तीन पिढ्या मागं गेलात तर चुलीवर ज्वारीच आहे.

पण भात का टिकला ते सांगते. आई विड्या वळायची. सकाळी पानं भिजवून, कापून, मांडीवर सूप घेऊन बसली की संध्याकाळी विड्या कारखान्यात देईपर्यंत उठायची नाही. हजाराच्या हिशोबानं मजुरी, मग भाकरी थापायला तास कुठला देणार? तांदूळ धुऊन चढवला की तो आपला आपण शिजतो, तोवर शंभर विड्या होतात. ताटात काय येतं हे जमीन आणि भाव ठरवतात तसंच बाईचा वेळही ठरवतो. शहरात भाकरी परत यावी असं वाटत असेल तर ती थापणार कोण, हेही बोललं पाहिजे.

---

मंगळवेढा_माहेर

पूर्वभाग, अगदी मनातलं लिहिलंस गं. +१

---

अक्कलकोटची

पूर्वभाग ताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडं कानडी-मराठी मिसळ. जोळद रोट्टी रोजची होती, अजून आहे.

येळवस कुणालाच आठवली नाही का? मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव मोकळं पडतं, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे. आदल्या रात्रीच ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात कालवून, लसूण-जिरं घालून मडक्यात ठेवलेली असते. भज्जीला तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंच, बेसन, असं जे जे त्या वेळी रानात असेल ते सगळं. सोबत बाजरीचे उंडे. चारही बाजूंनी पोटऱ्यातली ज्वारी उभी, आणि मधोमध पंगत. शेजारच्या रानातली माणसं हाक मारून बोलवायची, नाही म्हणायचं नाही. वर्षातला हा एक दिवस असा की ताटातली एकूणएक गोष्ट बसल्या जागेवरून दिसते.

यंदा आमच्या शिवारात बऱ्याच घरांनी उसाच्या बांधावर येळवस केली. पूजा झाली, पण भज्जीचं सामान मंडईतून आणावं लागलं.

---

जुनीमिल

माझं वय ७४. बहात्तरच्या दुष्काळात मी विशीत होतो. ज्वारी बाहेरून आली तर काय होतं ते आम्ही खाऊन बघितलंय. अमेरिकेचा मिलो. लाल ज्वारी. रेशनला तीच. पीठ चिकट धरायचं नाही, भाकरी तव्यावर टाकताना हातातच मोडायची, आणि खाल्ली की घशाला ओरखडे. पण तीच खाऊन लोक जगले. खडी फोडायच्या कामावर पोरांना सुकडी मिळायची. आमच्या घरात गाई होत्या, त्या मात्र जगल्या नाहीत. माणसाला मिलो आला, जनावराला कडबा कुठून आणणार? ज्वारीचं पीक गेलं म्हणजे धान्य आणि वैरण दोन्ही एकदम गेलं.

आजचे लोक ज्वारी म्हटलं की फक्त दाणा बघतात. आमच्या वडिलांच्या वेळी धान्याआधी कडब्याची चौकशी असायची, ताट किती उंच, पेंढी किती भरते. ही बुटकी संकरित वाणं शेतकऱ्यानं रब्बीत घेतली नाहीत त्याचं कारण कडबा. मालदांडी उंच वाढते म्हणूनच टिकली.

---

कोरडवाहू

बाबा, बरोबर बोललात. आमच्याकडं दोन म्हशी, एक बैलजोडी. कडबा विकत घ्यायची येळ आली तर दूध परवडत न्हाई. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तवा काठच्या रानांतली माती खरडून गेली, रचलेला कडबाबी वाहून गेला. त्या लोकांनी पैल्यांदा मागितलं ते वैरण. अन्नाची पाकिटं पोचली, वैरण उशिरा.

---

पुण्यातला_सोलापुरी

सीनाकाठ, करडईचा उल्लेख करून पुढं काहीच लिहिलं नाहीत. आमच्या आजीकडं करडईचंच तेल असायचं. ते गेलं कुठं?

---

पाणलोट

करडईवर मी लिहितो. ही ज्वारीची सोबतीण. ज्वारीच्या रानात ठरावीक अंतरानं करडईच्या ओळी टाकायचे, आणि कडेनं तर टाकायचेच, कारण काटे असल्यामुळं जनावर आत शिरत नाही. तीही ओलीवर येते, मूळ खोल जातं. कोवळी असताना पाल्याची भाजी, पुढं तेल, उरलेली पेंड गुरांना. सोलापूरच्या संशोधन केंद्रानं ‘भीमा’ नावाचं वाण दिलं होतं. मग आयात तेल स्वस्तात यायला लागलं, काढणीला काट्यांमुळं मजूर तयार होईनात, गावोगावचे घाणे बंद पडले. आता करडईच्या जागी हरभरा आलाय. अजून काही गावांत लाकडी घाण्यावर मिळतं, भाव मात्र पिशवीच्या तेलाच्या दुप्पट-तिप्पट.

---

शेंगाचटणी

आम्ही दोन पिढ्या शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो, म्हणून माझे दोन पैसे.

चटणीला लागणारे दाणे आमच्याकडं बहुतेक गुजरातचे येतात, काही कर्नाटकचे. सोलापूरच्या कोरडवाहू रानातला भुईमूग कमी झाला, त्याची जागा सोयाबीननं घेतली. सोलापुरी काय उरलं म्हणाल तर कुटण्याची रीत. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं काढायची, तिखट, मीठ, लसूण, जिरं घालून उखळात कुटायचे, तेल सुटून चटणी ओलसर होईपर्यंत. मिक्सरला फिरवली तर भुगा होतो, तेल तसं सुटत नाही. हे हातातलं आहे, ते कुठं गेलेलं नाही.

कडक भाकरीला मात्र मी अजून इथलीच ज्वारी घेतो, बाहेरची चालतच नाही. पिठाला चिकी, म्हणजे चिकटपणा, नसेल तर भाकरी इतकी पातळ थापली जात नाही, काठ फाटतात. आमच्याकडं बारा बायका थापायला आहेत. पूर्वभाग ताईंनी विचारलं ना, थापणार कोण? त्याचं एक उत्तर हे आहे. घरात थापणं कमी झालं, पण बचत गटातून, अशा छोट्या कारखान्यांतून बायका थापतात आणि त्यांना दिवसाचे पैसे मिळतात. दोन-दोन महिने टिकणारी भाकरी पुण्या-मुंबईच्याही पुढं जाते. ज्वारीसुद्धा जिल्ह्याबाहेर जाऊ शकते, आणि दाण्यापेक्षा भाकरी होऊन गेली तर दोन माणसांना जास्त मिळतात.

---

सीनाकाठ

ही माहिती फार उपयोगाची. आणि हे ऊसवाल्या हिशोबाला खरं उत्तर आहे असं मला वाटतं. पाच क्विंटल ज्वारी दाणा म्हणून विकली तर एकोणीस हजार, पण हुरडा, पीठ, कडक भाकरी म्हणून गेली तर चित्र बदलतं.

रेशनचंही बोलायला हवं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर लिहिलेला होता. २०२३ च्या जानेवारीपासून सगळंच फुकट. कायद्यात भरडधान्याला जागा आहे, पण आमच्या दुकानात वर्षानुवर्षं आला तो गहू आणि तांदूळच. मधे कधी ज्वारी आली तेव्हा लोकांनी रांगा लावून नेली. मंगळवेढ्याची ज्वारी सरकारनं हमीभावानं घ्यायची आणि सोलापूरच्याच रेशन दुकानात द्यायची, ही साधी गोष्ट कायमची का होऊ नये? गहू पंजाबातून दीड हजारावर किलोमीटर आणायचा खर्च वाचेल तो वेगळा. गरिबाच्या ताटातली भाकरी रेशननं घालवली, ती रेशननंच परत येऊ शकते.

---

बाजारयार्ड

सीनाकाठ, यात एक अडचण. हमीभावानं सरकारला माल मिळायला हवा ना. चांगली मालदांडी बाजारात त्याच्या वर जाते, मग सरकारी केंद्रावर येतो तो काळा पडलेला, पावसात सापडलेला दाणा. तो रेशनला दिला तर लोक म्हणतील ज्वारीपेक्षा गहू बरा. खरेदी करायची तर बाजाराच्या दरानं, सुगीतच, आणि दाणा बघून.

---

पुण्यातला_सोलापुरी

सरकार करेल तेव्हा करेल. माझ्यासारख्यानं काय करावं ते कुणी सांगेल का? माझे आई-वडील लग्नानंतर कित्येक वर्षं मार्चमध्ये वर्षाची ज्वारी घरात भरायचे. आता आम्ही एक-एक किलोचं पीठ आणतो. आमच्या सोसायटीत सोलापूर, बार्शी, पंढरपूरची आठ-दहा घरं आहेत. एकत्र मिळून सरळ शेतकऱ्याकडून घ्यायची झाली तर कसं?

---

मंगळवेढा_माहेर

नक्की घ्या. दाणा टपोरा, पांढरा, चकचकीत हवा. बोटांनी चोळला तर भुकटी सुटता कामा नये. घरी आणल्यावर दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम भरली की घाम धरते आणि जाळी होते. थरांमध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला. आणि पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळायचं. जुन्या पिठाची चिकी जाते, म्हणूनच तुमची भाकरी वळत नाही. बाकी पाणी उकळतं घ्या.

---

कोरडवाहू

पुण्यातले दादा, आमच्याकडं मळणी फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या मध्यापर्यंत उरकते. त्याच्या आधी, संक्रांतीच्या सुमाराला, एकदा रानात येऊन जावा. हुरडा खावा, पीक डोळ्यांनी बघा, आणि तवाच भाव ठरवा. निम्मे पैसे आधी दिलेत तर लई मोठं काम होईल, कारण उपटायच्या मजुरीला रोख लागते आणि त्यासाठीच आम्ही आडतीकडनं उचल घेतो. उचल घेतली की माल त्यालाच घालावा लागतो, मग दर तो म्हणंल तो.

दहा घरांना घरटी एक क्विंटल धरलं तर माझ्या दोन एकराचा माल तुमच्याकडंच गेला. पोराला सांगायला माझ्याकडं काहीतरी होईल. संपर्क इथल्या व्यक्तिगत निरोपातून करा. तूर बी हाय थोडी, लागत असंल तर सांगा. आणि येताना पोती तुमचीच आणा, त्या दिवसांत आमच्याकडं बारदानाची लई ओढाताण असते.